टीटी खोलली, आता पार्ट कसे विकू?

प्रश्न : सर, मी अंबाझरी लेआउटला राहतो. सप्टेंबर २०२३ च्या पुरात माझी ऑडी टीटी बेसमेंटमध्ये होती, २०११ ची, २.० टीएफएसआय क्वाट्रो. पाणी सीटच्या गादीपर्यंत आलं होतं. सकाळी पाणी ओसरल्यावर मी एकदा सेल्फ मारून पाहिला, ठक्क आवाज आला आणि गाडी जाम झाली. विमा कंपनीनं टोटल लॉस धरून भंगाराची किंमत कापून पैसे दिले, गाडी माझ्याकडेच राहिली. इतके दिवस ताडपत्रीखाली होती, आता मित्राच्या मदतीनं खोलायला घेतली आहे. चाकं, सीटा, बोनेट, हेडलाइट, दोन्ही दरवाजे निघाले. एक कबाडी म्हणतो सगळं एकाच काट्यावर तोलून घेतो, लोखंडाचा भाव देतो. मन मानत नाही. पार्ट सुटे विकायचे तर कुठं विकू, किंमत कशी लावू? आरसी अजून माझ्याच नावावर चालू आहे, एमएच-३१ ची, त्याचं काही करावं लागतं का? – एक वाचक, नागपूर

उत्तर : भाऊ, पत्र वाचलं आणि आधी ती रात्रच डोळ्यासमोर आली. २२ ची रात्र संपून २३ तारीख लागली आणि चार-पाच तासांत शंभर मिलिमीटरच्या वर पाऊस कोसळला, अंबाझरी तलाव ओसंडला, नाग नदीचं पाणी घराघरात शिरलं, आणि पुढचा महिनाभर आमच्या गॅरेजसमोर टोचन करून आणलेल्या गाड्यांची रांग लागलेली होती, दार उघडलं की चिखलाचा तो आंबूस वास. त्यातल्या बऱ्याच गाड्या कबाडीनं किलोच्या भावानं उचलल्या आणि मला आजही त्याचं वाईट वाटतं, कारण त्यात चांगले पार्ट होते आणि त्याच पार्टसाठी दुसरीकडे कोणीतरी महिनोन्महिने थांबून होतं. म्हणून तुम्ही विचारलं हे फार बरं केलं, आणि उत्तर लांबणार आहे, सांभाळून घ्या.

तुमचं शेवटचं वाक्य मी सगळ्यात आधी घेतो. आरसी. कबाडी, भाव, ऑनलाइन जाहिरात, सगळं नंतर, आज हातातला पाना खाली ठेवा आणि आधी गिरीपेठच्या आरटीओत जा. मोटार वाहन कायदा १९८८, कलम ५५, त्यात सरळ लिहिलंय की गाडी नष्ट झाली किंवा कायमची निकामी झाली तर मालकानं १४ दिवसांत किंवा शक्य तितक्या लवकर नोंदणी करणाऱ्या ऑफिसला कळवायचं आणि आरसी जमा करायची. तुम्हाला उशीर झालाय, ठीक आहे, विमा कंपनीचं टोटल लॉसचं पत्र, सर्व्हेचा कागद, पुराचे फोटो असं सगळं सोबत न्या आणि नोंदणी रद्द करण्याचा अर्ज करा. लोन होतं का? असेल तर बँकेचं हायपोथिकेशन, म्हणजे आरसीवरची कर्जाची नोंद, आधी उतरवावी लागेल. फास्टॅगही बंद करा.

हे मी इतकं ताणून का सांगून राहिलो, तर चालू आरसी आणि चेसिस नंबर ही जोडी चोराला सोन्यासारखी आहे. तुमची बॉडी त्या कबाडीकडे गेली, त्यानं चेसिस नंबरचा तुकडा कापून कुठल्या चोरीच्या गाडीत वेल्ड केला, की उद्या ती गाडी तुमच्या नावानं रस्त्यावर फिरते आणि पोलीस तुमच्या दारात येतात. मेरठचं सोतीगंज मार्केट ऐकलं असेल, जुन्या पार्टचा केवढा मोठा बाजार होता, चोरीच्या गाड्या तिथं खोलल्या जातात म्हणून पोलिसांनी डिसेंबर २०२१ मध्ये तो बंद केला. तेव्हापासून चांगला गिऱ्हाईक पहिला प्रश्न हाच विचारतो, की गाडीचे कागद आहेत का. तुमच्या गाडीचा चेसिस नंबर १७ अक्षरं-आकड्यांचा असेल आणि टीआरयू नं सुरू होत असेल, कारण टीटी हंगेरीच्या ग्योर शहरातल्या कारखान्यात जुळवली जायची. तो नंबर घासू नका, कापू नका, आरटीओवाले सांगतील तसंच करा.

आणि सगळे पार्ट निघाल्यावर जो सांगाडा उरेल तो कबाडीला न देता सरकारी नोंदणी असलेल्या स्क्रॅपिंग केंद्रात द्या. याचे नियम २०२१ पासून आहेत आणि आयुष्य संपलेल्या गाड्यांच्या पर्यावरणाचे नवे नियम १ एप्रिल २०२५ पासून लागू झालेत. केंद्राकडून गाडी जमा केल्याचं सर्टिफिकेट मिळतं. मात्र अर्धी खोललेली गाडी ते कुठल्या अटीवर घेतात हे आताच विचारून घ्या, इंजिन-गिअरबॉक्स उतरवायच्या आधी.

आता पार्टकडे येऊ. कबाडी लोखंडाचा भाव देतो म्हणाला ना, इथंच तो तुम्हाला फसवून राहिला. एक साधं लोहचुंबक घ्या आणि तुमच्या बोनेटला लावा, चिकटणार नाही. पुढच्या फेंडरला लावा, तिथंही नाही. मग दरवाज्याला लावा, खटकन चिकटेल. टीटीच्या या दुसऱ्या पिढीची, म्हणजे २००६ ते २०१४ वाल्या मॉडेलची बॉडी जवळपास ६९ टक्के ॲल्युमिनियमची आहे आणि बाकीचं स्टील मुद्दाम मागच्या बाजूला ठेवलंय, दरवाजे, डिक्कीचं झाकण, मागचा फ्लोअर, म्हणजे वजन पुढं-मागं सारखं वाटलं जावं. ॲल्युमिनियम भंगारात गेलं तरी लोखंडाच्या कितीतरी पट भावानं जातं. आणि सरळ, न ठोकलेलं बोनेट तर भंगारात घालायचंच नाही, कारण ॲल्युमिनियमच्या पत्र्याचा डेंट काढणं आपल्याकडच्या बहुतेक डेंटरला जमत नाही, पत्रा ताणला जातो, म्हणून ज्याचं बोनेट चेपलंय तो अख्खं बोनेटच शोधत असतो.

पण टीटीचे गिऱ्हाईक नागपुरात किती? बोटावर मोजण्याइतके. तुम्ही फक्त टीटीचे पार्ट अशी जाहिरात टाकाल तर वर्षभर फोन वाजणार नाही. इथंच खरी गोष्ट आहे आणि ती लक्षात आली की तुमच्या पार्टच्या ढिगाकडे तुम्ही वेगळ्या नजरेनं पाहाल. टीटी ही दिसायला स्पोर्ट्स कार, पण तिच्या खालचा प्लॅटफॉर्म स्कोडा लॉरा, फोक्सवॅगन जेट्टा आणि ऑडी ए३ चाच सख्खा भाऊ आहे. आणि लॉरा-जेट्टा विदर्भात आजही भरपूर पळतात, डॉक्टरांकडे, कॉन्ट्रॅक्टरकडे, कोर्टातल्या वकिलांकडे. तुमचं खरं गिऱ्हाईक तिथं बसलंय.

आता कुठला पार्ट कुठं बसतो ते ओळखायचं कसं? पार्टवरचा नंबर वाचायचा, बस. एक दिवस द्या या कामाला. बाल्टीभर पाणी, जुना टूथब्रश, थोडा कपडे धुण्याचा साबण आणि मोबाइलचा टॉर्च. बहुतेक पार्टवर कुठेतरी चार गोल वर्तुळांचा किंवा व्हीडब्ल्यूचा छाप असतो आणि त्याच्या बाजूला नऊ अक्षरं-आकडे, तीन-तीन-तीन असे, शेवटी कधी एखादं-दोन अक्षरं जास्त. पहिले तीन सांगतात की हा पार्ट मुळात कुठल्या गाडीसाठी बनला. ८जे० असेल तर तो खास तुमच्या टीटीचा. १के० असेल तर तो फोक्सवॅगनच्या गोल्फ गाडीच्या पाचव्या पिढीसाठी बनलेला, म्हणजे लॉरा-जेट्टाच्या बाजारातला. ०६जे म्हणजे या आडव्या बसणाऱ्या पेट्रोल इंजिनचा पार्ट, १.८ टीएसआय लॉरा त्याच इंजिन घराण्यातली. ०२ई म्हणजे सहा गिअरचा डीएसजी, आपोआप गिअर बदलणारा गिअरबॉक्स. मधले तीन आकडे गटाचे, त्यातला पहिला आकडा १ म्हणजे इंजिन, ३ गिअरबॉक्स, ४ पुढचा ॲक्सल, ५ मागचा, ६ चाक-ब्रेक, ८ बॉडी, ९ इलेक्ट्रिक. आणि शेवटच्या तीनातला शेवटचा आकडा विषम असेल तर डावा पार्ट, सम असेल तर उजवा, आरसा-हेडलाइट अशा जोडीच्या पार्टला हे फार कामी येतं, उलटा पार्ट पाठवून परतीचं भाडं भरायची वेळ येत नाही. शेवटी जे जादाचं अक्षर असतं ते सुधारित आवृत्तीचं, त्याला कमी समजू नका, एका अक्षरानं पार्ट बसतो किंवा बसत नाही.

उदाहरणच देतो. तुमच्या इंजिनवर प्लास्टिकचं इनटेक मॅनिफोल्ड असेल, काळं, चार नळ्यांचं, त्यावर ०६जे १३३ २०१ आणि पुढं एखादं-दोन अक्षरं. त्याच्या आतल्या पाकळ्यांची यंत्रणा झिजते आणि चेक लाइट लागतो, हा या इंजिनचा ठरलेला आजार आहे. तुमचं मॅनिफोल्ड चांगलं असेल, पाकळ्या हातानं हलवून मोकळ्या फिरत असतील, तर १.८ वाला लॉराचा मालक अक्षर जुळवून ते घेऊन जाईल. हेच तुम्ही टीटीचं मॅनिफोल्ड म्हणून टाकलं असतं तर तो माणूस तुमच्यापर्यंत पोचलाच नसता. म्हणून जाहिरातीत आधी नंबर, मग पार्टचं नाव, मग टीटी.

हेडलाइटबद्दल वेगळं सांगतो कारण तो तुमच्याकडचा भारी माल आहे. दुबईहून येणारे हेडलाइट तिकडच्या, उजवीकडून चालणाऱ्या रस्त्याचे असतात, त्यांचा झोत आपल्याकडे समोरच्याच्या डोळ्यात जातो. स्टिअरिंग रॅक, डॅशबोर्ड यांचंही तेच, डाव्या स्टिअरिंगचं आपल्या काय कामाचं. तुमची गाडी इथलीच, उजव्या स्टिअरिंगची, म्हणून या तीन गोष्टींना दुसऱ्या शहरातला टीटीवाला नक्की चांगले पैसे देईल. फक्त हेडलाइट आधी उन्हात ठेवून पाहा, आत दव जमतं का. पाणी आतल्या बॅलास्टपर्यंत, म्हणजे बल्बला करंट देणाऱ्या डब्यापर्यंत, गेलं असेल तर तसं लिहूनच विका.

आणि आता ज्यासाठी मी मुळात इतकं लिहून राहिलो तिकडे येतो. तुमचा माल पुराचा आहे, हे लपवू नका. मला माहीत आहे की मोह होईल, मित्र सांगतील की धुवून पुसून ठेव, कोणाला कळते. मी स्वतः या अनुभवातून गेलोय म्हणून सांगतो. काही वर्षांपूर्वी एका लॉरासाठी बाहेरगावच्या एका व्यापाऱ्याकडून जुना एबीएस पंप मागवला, त्यानं सांगितलं ॲक्सिडेंटल गाडीचा आहे, पाणी लागलेलं नाही. पार्सल उघडलं तेव्हा पंप चकाचक, घासून धुतलेला. बसवला, स्कॅनर लावला, सगळं ओके. तीन आठवड्यांनी, जुलैचा पाऊस, गिऱ्हाईक वर्धा रोडनं बायको-पोरांना घेऊन येत होता, समोर ट्रॅक्टर आला, यानं ब्रेक मारला, एबीएस चाललाच नाही, चाकं लॉक झाली आणि गाडी घसरत डिव्हायडरला लागली. माणसं सुखरूप, देवाची कृपा. मी पंपाचा कपलर, म्हणजे वायर जोडायचा सॉकेट, काढला आणि त्यातल्या पितळेच्या पिना पाहिल्या, प्रत्येक पिनेच्या बुडाशी हिरवट पांढरी पावडर साचलेली, बोटानं दाबली तर एक पिन मोडूनच हातात आली. वरून धुतलेला पंप आतून सडून राहिला होता. व्यापाऱ्यानं फोन उचलणं बंद केलं. दुरुस्तीचे पैसे मी भरले, पण त्या घरच्यांच्या नजरेला नजर द्यायला मला बरेच दिवस लागले. तेव्हापासून मी पार्ट घेताना एकच फोटो मागतो, कपलरच्या आतल्या पिनांचा, टॉर्च मारून. तुम्ही तो फोटो न मागता आधीच द्या.

म्हणून तुमच्या मालाचे मनात सरळ तीन ढीग करा. पहिला ढीग, ज्याला पाण्यानं काही फरक पडत नाही: काचा, बोनेट, फेंडर, दरवाज्याचा पत्रा, आरशाची कव्हरं, रिम, अँटीरोल बार, मागचे लोखंडी आर्म, स्पॉइलर, ग्रिल, बंपर. हे बिनधास्त विका. दुसरा ढीग, जो उघडून, तपासून, सांगून विकायचा: ब्रेक कॅलिपर, गिअरबॉक्स, टर्बो, अल्टरनेटर, इंजिनचे सुटे भाग. कॅलिपरचा पिस्टन काढून आत गंज आहे का पाहा, गिअरबॉक्सचं तेल काढा, ते दुधाळ कॉफीसारखं निघालं म्हणजे ब्रीदरमधून, म्हणजे हवा जायच्या भोकातून, पाणी आत गेलं आणि मग तो पूर्ण गिअरबॉक्स म्हणून नाही तर केसिंग आणि गिअरच्या भावात विकायचा. तुमचा गिअरबॉक्स क्वाट्रोचा, म्हणजे चारही चाकांना ताकद देणाऱ्या गाडीचा आहे, त्याला मागच्या ॲक्सलसाठी जादाचा डबा जोडलेला असतो, त्यामुळे तो जसाच्या तसा फ्रंट व्हील ड्राइव्ह लॉरात बसत नाही, गिऱ्हाईकाला हे आधी सांगा आणि गिअरबॉक्सवरचा कोडही पाठवा.

तिसरा ढीग विकायचाच नाही. एअरबॅग, सीटबेल्ट आणि त्याचे टेन्शनर, एअरबॅगचा कंट्रोल बॉक्स, एबीएस पंप, व्हील बेअरिंग. पाणी सीटच्या गादीपर्यंत होतं म्हणजे गाडीच्या मधल्या बोगद्यावर बसलेला एअरबॅगचा बॉक्स बुडालाच होता. आणि भाऊ, तुम्ही सीटा काढल्या म्हणालात, त्या कुठं ठेवल्या? टीटीच्या सीटच्या पाठीत बाजूची एअरबॅग असते, आत बारूद असते, ती भिजून वाळलीय, तिचा भरवसा नाही. पिवळ्या कपलरची वायर दिसेल तिला मीटर लावू नका, बॅटरी लावू नका, सीट उसवू नका, पोरांना त्यावर बसू देऊ नका. ती सीट म्हणून विकू नका, कोणी ऑफिसची खुर्ची बनवायला मागेल, आजकाल फॅशन आहे, तरी नाही, जोपर्यंत एअरबॅगचं काम येणाऱ्या टेक्निशियननं ती काढलेली नाही. स्टिअरिंगवरची एअरबॅग काढली असेल तर तोंड वर करून ठेवा, कधीच पालथी नाही. कुरिअरनं तर मुळीच पाठवू नका. स्क्रॅपिंग केंद्रात सांगाड्यासोबत देऊन टाका.

डॅशबोर्डवरचं मीटर आणि ईसीएम, म्हणजे इंजिनचा कॉम्प्युटर, यांच्याबद्दल थोडक्यात. ते एकमेकांशी आणि चावीशी बांधलेले असतात, चोरी रोखायला, त्याला इमोबिलायझर म्हणतात, त्यामुळे दुसऱ्या गाडीत लावले की लगेच चालत नाहीत. पाणी लागलं नसेल तर ईसीएम, मीटर आणि दोन्ही चाव्या असा एकच सेट म्हणून विका, तुकडे करून नाही.

इंजिनचं काय? तुम्ही सेल्फ मारला आणि ठक्क झालं, हायड्रोलॉकचं लक्षण आहे ते. पाणी दाबलं जात नाही, पिस्टन वर येतो, पाण्याला धडकतो आणि कनेक्टिंग रॉड वाकतो. चारही प्लग काढा, क्रँकच्या बोल्टला पाना लावून हातानं दोन पूर्ण फेरे फिरवायचा प्रयत्न करा, जोर करू नका. फिरलं तर प्रत्येक सिलिंडरमध्ये कॅमेरा टाकून पाहा, पिस्टन वर आल्यावर एखादा बाकीच्यांपेक्षा खाली थांबतो का, खाली थांबला म्हणजे रॉड वाकलाय. इतके दिवस उभं आहे म्हणजे सिलिंडरला गंज असणारच असं धरून चला. पूर्ण इंजिन विकायच्या नादात पडू नका, हेड, टर्बो, इंजेक्टर, कॉइल, हाय प्रेशर पंप, मॅनिफोल्ड असं सुटं जास्त जाईल. आणि ब्लॉक गेला तर त्यावरचा इंजिन नंबर बिलावर लिहूनच जाऊ द्या, कारण घेणाऱ्याला गाडीत इंजिन बदलायला आरटीओची परवानगी लागते, कलम ५२.

किंमत. शोरूमच्या पार्ट काउंटरवर जा, नव्या पार्टचा भाव नंबर देऊन विचारा. माझा स्वतःचा हिशोब असा की पत्रा, काच, रिम असा न बिघडणारा पार्ट नव्याच्या चाळीस टक्क्यांच्या आसपास, तपासलेला चालता पार्ट तीस, आणि पुराचा म्हणून सांगितलेला इलेक्ट्रिक पार्ट दहा-पंधरा, तोही बसवून पाहण्याची मुदत देऊन. घासाघीस होणारच, नागपूरचा माणूस बोहणीच्या नावानंही शंभर कमी करून घेतो, त्याचं वाईट वाटून घेऊ नका. सायलेन्सरमधला कॅटॅलिटिक कन्व्हर्टर मात्र कबाडी सगळ्यात आधी मागेल आणि किरकोळ सांगेल. त्याच्या आत प्लॅटिनम, पॅलेडियम, रोडियम असतं. त्यावरच्या नंबरचा फोटो काढून ठेवा आणि दोन-तीन ठिकाणी भाव विचारल्याशिवाय हातातून सोडू नका.

कुठं विकू? लॉरा-जेट्टा बसणारे पार्ट नागपूरच्याच गॅरेजवाल्यांच्या व्हॉट्सॲप ग्रुपवर टाका, हिंगणा, कामठी रोड, वाडीकडच्या स्कोडा-फोक्सवॅगन करणाऱ्या मिस्त्रींना प्रत्यक्ष भेटून नंबरांची यादी द्या. ८जे० वाले खास पार्ट नागपुरात थांबवू नका, ते मुंबईच्या कुर्ल्याच्या सीएसटी रोडवाल्यांना, दिल्लीच्या मायापुरीला, चेन्नईच्या पुदुपेटला फोटोसकट विचारा, आणि ऑडी मालकांच्या ग्रुपवर थेट. मालकाला थेट विकलं तर जास्त मिळतं, व्यापाऱ्याला विकलं तर लवकर सुटतं, तुमच्याकडे जागा किती आहे त्यावर ठरवा. उन्हाळा लागायच्या आत रबर, प्लास्टिक आणि हेडलाइट उन्हातून सावलीत आणा, आपल्याकडचं ४५ च्या वरचं ऊन महिन्याभरात सगळं पिवळं करून टाकते.

ऑनलाइन विकताना एवढंच, पैसे घ्यायला कधीच क्यूआर स्कॅन करावा लागत नाही आणि पिनही टाकावा लागत नाही. मी फौजेत आहे, ॲडव्हान्स पाठवतो, कोड स्कॅन करा, असं कोणी म्हणालं की फोन ठेवून द्या. माल ट्रान्सपोर्टनं राज्याबाहेर जाणार असेल आणि किंमत ५० हजारांच्या वर असेल तर ई-वे बिलाचं आधीच विचारून ठेवा. आणि प्रत्येक पार्टसोबत एक साधा कागद द्या, पार्ट नंबर, गाडीचा चेसिस नंबर, नोंदणी रद्द झाल्याच्या कागदाची झेरॉक्स, आणि स्वच्छ अक्षरात एक ओळ: ही गाडी सप्टेंबर २०२३ च्या पुरात सीटपर्यंत बुडाली होती. तुम्हाला वाटेल अशानं गिऱ्हाईक पळेल. काही पळतीलच. पण जो थांबेल तो नातेवाईकाची गाडीही तुमच्याकडेच पाठवेल.

तेल, कूलंट, ब्रेक ऑइल नालीत टाकू नका, हात जोडून सांगतो. ती नाली शेवटी नाग नदीलाच मिळते. एसीचा गॅस मिस्त्रीकडून मशीननं काढून घ्या, पाइप कापून हवेत सोडू नका. बॅटरी दुकानात परत जाते.

प्रश्न : माझी लॉरा १.८ टीएसआय आहे. टीटीचे १८ इंची जुने रिम स्वस्तात मिळून राहिले. बसतात का? – एक वाचक, अमरावती

उत्तर : २००६ नंतरच्या टीटीचे असतील तर पाच बोल्ट, ११२ चा पीसीडी, म्हणजे बोल्टांच्या वर्तुळाचा व्यास मिलिमीटरमध्ये, आणि मधलं भोक ५७.१ मिलिमीटर, लॉराचंही तेच, बोल्ट बरोबर बसतील. त्याआधीच्या जुन्या टीटीचे १०० पीसीडी आहेत, ते बसणारच नाहीत, म्हणून टेप घेऊन जा. रिमच्या आतल्या बाजूला रुंदी आणि ईटी, म्हणजे रिम किती आत-बाहेर बसतं तो आकडा, कोरलेलं असतं, त्यातले काही ९ इंच रुंद आणि ईटी ५२ चे येतात, ते लॉराला मागच्या फेंडरला घासू शकतात, चार माणसं मागं-पुढं बसवून एक चक्कर मारल्याशिवाय पैसे देऊ नका. त्यावर टीटीचं २४५/४० टायर ठेवू नका, तुमच्या १६ इंची टायरपेक्षा चाक जवळपास दोन सेंटिमीटर मोठं होतं, २२५/४० आर १८ घ्या, फरक अर्ध्या सेंटिमीटरवर येतो. टायर सोबत देत असतील तर बाजूचा चार आकडी कोड वाचा, ३२१७ म्हणजे २०१७ चा बत्तिसावा आठवडा. इतकं जुनं टायर नक्षी कितीही चांगली दिसली तरी घेऊ नका. रिमच्या आतल्या कडेवर बोट फिरवून वेल्डिंगची जाड रेघ लागते का पाहा, लागली तर सोडून द्या.

प्रश्न : दादा, माझ्या मुलाच्या सेकंडहँड गाडीची एअरबॅग आधीच्या मालकाच्या अपघातात उघडली होती. एक जण जुन्या गाडीची काढून फार कमी पैशात बसवून देतो म्हणतो. घ्यावी का? – एक वाचक, कामठी

उत्तर : ताई, नाही. ती कुठल्या गाडीतून निघाली, पाण्यात होती का, कशी ठेवली होती, हे कोणी सांगू शकत नाही आणि बसवून तपासताही येत नाही, ती फक्त एकदाच चालते. काही ठिकाणी तर कव्हरखाली एअरबॅगच नसते, कपलरला एक छोटा रेझिस्टर लावून दिवा फसवलेला असतो. मुलाच्या गाडीत आता असं काही झालंय का ते तुम्ही घरीच थोडंफार पाहू शकता. चावी फिरवा, इंजिन चालू करू नका, मीटरमध्ये एअरबॅगचा दिवा लागला पाहिजे आणि काही सेकंदांनी विझला पाहिजे. लागून राहिला तर बिघाड आहे, आणि लागतच नसेल तर कोणीतरी तो बंद करून ठेवलेला असू शकतो. तसं असेल तर गाडी घरीच उभी राहू द्या आणि कंपनीच्या वर्कशॉपला फोन करून स्कॅनसाठी उचलून न्यायला सांगा.